'सूक्ष्मकण' म्हणावं की 'नॅनोकण'?

एका वाचकाचा प्रश्न: 'मधमाशांच्या आरोग्यावर सूक्ष्मकणांच्या प्रदूषणाचे परिणाम' असं लेखाचं शीर्षक केलंय. नॅनोपार्टिकलला 'सूक्ष्मकण' चालेल ना?

माझ्या मते नाही. 'सूक्ष्म' ही जागा मराठीत 'मायक्रो'ने केव्हाच अडवून ठेवली आहे. हवेच्या बातम्यांत 'सूक्ष्म धूलिकण' येतात ते पीएम २.५ (पार्टिक्युलेट मॅटर), म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटरचा. २.५ मायक्रॉन म्हणजे २,५०० नॅनोमीटर, तेव्हा थोरल्या नॅनोकणापेक्षाही पंचवीस पट मोठा!

हे नुसतं शब्दांचा कीस काढणं नाही. बंगळुरूत आग्या माश्यांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दूषित भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक २४ तासांत मेल्या. पण तिथे मोजले होते ते पीएम १० गटातले, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण. उलट प्रयोगशाळेत साखरेच्या पाकातून झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे कण पाजतात, ते खरे नॅनोकण. दोन्हींना 'सूक्ष्मकण' म्हटलं तर बंगळुरूचा आकडा पाकाच्या प्रयोगाला चिकटायला वेळ लागणार नाही.

'कण' मात्र ठेवाच, तो इथे फार चपखल आहे. माशी उडताना तिच्या अंगावर स्थिर विद्युतभार साठतो, म्हणून फुलावर बसताच परागकण तिच्या केसांकडे ओढले जातात. रस्त्याकडेच्या फुलावर त्याच केसांना धूलिकणही चिकटतात. मग ती पायांनी अंग झाडते, पराग गोळा करून मागच्या पायांवर थापते, आणि त्यात मिसळलेलं सगळं पोळ्यात जातं. कोणता कण परागाचा आणि कोणता धुराचा, हे तिला कुठे निवडता येतंय?

'नॅनो'साठी 'अब्जांश' हा पारिभाषिक शब्द बरोबर आहे, कारण नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पण तो बोलताना कुणाच्या जिभेवर येत नाही. पहिल्यांदा 'अब्जांश कण, म्हणजेच नॅनोकण' लिहा आणि पुढे बिनधास्त 'नॅनोकण' वापरा. 'बसथांबा' चालतो, मग याने काय घोडं मारलंय? ('नॅनो'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बुटका', पण 'बुटकाकण' सुचवायची माझी छाती नाही.)

आणि शीर्षकात 'मधमाशांच्या' नको, 'मधमाश्यांच्या' करा. माशी, माश्या, माश्यांच्या. नुसतं 'माशांच्या' वाचलं की मला तरी आधी पापलेट दिसतं.