सुरीचे पाते काळे का पडते?

प्रश्न : एका लहान गावातील घरगुती कारखान्यात घडवलेली सुरी घेतली. धार उत्तम आहे, मात्र आंबट फळे कापताच पाते काळवंडते. माल सदोष आहे का?

उत्तर : मुळीच नाही. आपले पाते साध्या कार्बन पोलादाचे असावे. गंजरोधक स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते; साध्या कार्बन पोलादात ते जवळपास नसल्याने फळांतील आम्लामुळे पाते काळवंडते. तरीही लहान कारखान्यांना हेच पोलाद सोयीचे पडते. कार्बन पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवता (बुडवून झटकन थंड करून कडक करता) येते आणि मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करता येतो, तर स्टेनलेसला पाणी देण्यासाठी, म्हणजे असेच कडक करण्यासाठी, सहसा १००० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक, काटेकोर उष्णता लागते आणि तशी भट्टी लहान उद्योगाला परवडेलच असे नाही. काळवंडल्याने पात्यावर येणारा निळसर-करडा थर राहू द्यावा. तांबूस गंज मात्र घासून काढावा आणि सुरी धुताच कोरडी करून तिच्यावर तेलाचा हात फिरवावा. ओल्या भांड्यांत सुरी टाकून देणाऱ्यांनी, खरे तर, स्टेनलेसच घ्यावी.