जुन्या कॉलेजची एकांकिका पाहायला जाताना

कॉलेज सोडल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी तुम्ही पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात मित्रांचा प्रयोग पाहायला जाणार असाल, तर शक्यतो आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीला जाऊन ‘इथे थोडा थांब’ अशा सूचना देण्याचा मोह आवरावा, कारण त्या वेळी नटाच्या अंगात बसलेल्या हालचाली मोडतात आणि नव्या बसत नाहीत. (मी हे केले आहे; मित्र आठवडाभर बोलला नाही.) ‘अरे, आवाज कुणाचा’ ही आरोळी पडदा उघडण्यापूर्वी हवी तितकी द्यावी, मात्र संवाद सुरू झाल्यावर ओळखीच्या चेहऱ्याला हसू नये. प्रयोगानंतर प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यालाही आवर्जून भेटावे. त्याच्याकडे सहसा कोणी जात नाही.