अकाउंट्स सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये येताना

‘मी कॉमर्सची, मला कॉम्प्युटरचं काम जमणार नाही’ हे आधी डोक्यातून काढ. मीही बारा वर्षं टॅलीवर व्हाउचर टाकताना हेच म्हणत होते. मॅन्युअल टेस्टिंगची, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः वापरून त्यातल्या चुका शोधण्याची, सुरुवात कोडिंगशिवाय होते. बिलात जीएसटीचा आकडा चुकला की तुला लगेच खटकतं ना? बिलिंग सॉफ्टवेअर तपासायला हीच नजर लागते, आणि ती कमवायला तुझी वर्षं गेलीत. टेस्टरसाठीच्या आयएसटीक्यूबी फाउंडेशन या प्रमाणपत्र परीक्षेत ४० प्रश्न असतात, २६ गुणांना पास. त्याआधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, रोज अर्धा तास घोट. सुरुवातीला पगार कमी मिळू शकतो, घरखर्चाची तजवीज कर. इंग्रजीची भीती? बग रिपोर्टला, म्हणजे सापडलेली चूक लिहून कळवायला, तीन सरळ वाक्यं पुरतात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एक लिहून पाठव, मी बघते.