पहिलाच लिनक्स इन्स्टॉल मेळावा घेताय? एवढं आधी करा

नक्की घ्या, जमेल तुम्हाला! डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, एकच ठरवा. नवख्यांसाठी लिनक्स मिंट उत्तम. ८ जीबीच्या चार-पाच पेनड्राइव्हवर तो टाका आणि आदल्या दिवशी त्यांवरून लॅपटॉप सुरू (बूट) करून तपासा, हॉलच्या वायफायवर भिस्त नको. एक्स्टेंशन बोर्ड भरपूर घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा बॅकअप. येणाऱ्यांना आधीच कळवा:

- फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या.
- विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून आणा.

की नसेल तर त्या लॅपटॉपला हात लावू नका, कितीही आग्रह झाला तरी.

नवी मंडळी हमखास घाई करतात ती थेट ‘इन्स्टॉल’वर क्लिक करण्याची. आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून, चालवून वायफाय, आवाज, टचपॅड बघा. कीबोर्ड मात्र मालकाच्याच हाती द्या. पार्टिशनचे (डिस्कचे भाग पाडण्याचे) बारकावे नंतर बोलू.