पहिल्या अधिवेशनाआधी

चि. ताई,

अनेक उत्तम आशीर्वाद.

निकालाच्या दिवशी मुद्दामच फोन केला नाही. दारात हलगी वाजत असताना कोण कुणाचं काय ऐकणार? आता आमदारकीची शपथ झाली, सत्कारही ओसरले असतील आणि पहिलं अधिवेशन तोंडावर आलंय. सुरुवात कुठून करू हे काकांना विचारा, असं तू म्हणालीस, हे तुझ्या वडिलांनी सांगितलं. म्हणून लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी विधानमंडळात प्रतिवेदक म्हणून गेली. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या टेबलाशी बसायचं, सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपायचं आणि पाळी संपली की ते सगळं नीट कागदावर उतरवायचं. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. दहा जण एकदम उठून ओरडायला लागले की आम्ही कंसात ‘गोंधळ’ एवढा एक शब्द लिहायचो आणि पुढे जायचो. तोच सदस्य संध्याकाळी टीव्हीवर दिसायचा, गावाकडे त्याचं कौतुकही व्हायचं. पण पुढे कधी कामकाजाच्या छापील खंडांत त्याने काय केलं ते शोधायला जावं, तर हाती लागतो तो कंसातला शब्द. ज्यांच्या नावावर त्या खंडांत खरोखर काही आहे, ती माणसं एखादा प्रश्न धरून बसलेली होती. तूही एक प्रश्न धर आणि तो सुटेपर्यंत सभागृहाच्या कागदावरून हलू देऊ नकोस.

तुझी सकाळ कशी उजाडत असेल ते मला दिसतंय. सात वाजल्यापासून ओट्यावर माणसं. कुणाला बदली हवी, कुणाला दवाखान्यासाठी पत्र, कुणाची डीपी जळालेली, कुणाच्या गावाला सभामंडप. दुपारी दोन लग्नं, एक दहावा, संध्याकाळी कुणाची तरी हळद. यातलं दहाव्याला जाणं तरी कधी चुकवू नकोस. दुःखात कोण आलं आणि कोण आलं नाही हे आपले लोक विसरत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण दिवस या सगळ्यात संपतो आणि पाच वर्षंही अशीच संपतात. आमदार निधीचे वर्षाला ५ कोटी मिळतात. आकडा मोठा वाटतो. शंभर गावांत वाटला तर गावामागे ५ लाख. त्यात थोडे पेव्हर ब्लॉक बसतात, एखादा हायमास्ट उभा राहतो, तुझ्या नावाची पाटी लागते. हे काम सरपंचाला आणि जिल्हा परिषद सदस्याला करू दे, त्यांना तू मदत कर. राज्याचा अर्थसंकल्प काही लाख कोटींचा असतो आणि त्यातला प्रत्येक रुपया तुम्हा सदस्यांनी मंजुरी दिल्याशिवाय खर्च होत नाही. त्यावर प्रश्न विचारायचा हक्क तालुक्यात तुझ्याशिवाय कुणालाही नाही.

वि. स. पागे यांचं नाव तुझ्या कानावर आलंच असेल. विधानमंडळाच्या प्रशिक्षण केंद्राला त्यांचं नाव आहे. ते तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० ते १९७८ ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतींच्या हाती ना खातं, ना निधी. त्यांनी इतरांना बोलू द्यायचं असतं, स्वतः चर्चेत उतरायचं नसतं. अशा जागेवर बसून या माणसाने एकच गोष्ट लावून धरली: खेड्यात जो काम मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, आणि तेही त्याचा हक्क म्हणून. साठच्या दशकात आपल्याच तासगाव भागात त्याचा प्रयोग झाला. मजुरी किती, माणसं किती, कामं कोणती, याचे हिशेब मांडले गेले. मग १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, वर सुकडी खायची. आजीने सांगितलंच असेल तुला.

एरवी पाऊस पडला की अशी कामं बंद होतात आणि मजूर पुन्हा वाऱ्यावर. या वेळी तसं झालं नाही, कारण योजनेचा विचार आधीपासून कागदावर तयार होता. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितलं आणि सरकारने दिलं नाही, तर बेकारी भत्ता सरकारने द्यायचा. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती पैशाची. नुसती घोषणा करून ते थांबले नाहीत, पैसा कुठून येणार हेही सांगितलं. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, आणि त्यातून जेवढा पैसा जमेल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची असं ठरलं. तू पुण्याला नोकरीला होतीस तेव्हा पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसायचे, तो हाच कर. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी तालुक्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, हे या राज्याच्या विधानमंडळाने दोन्ही बाजूंच्या बाकांनिशी ठरवलं. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा नजरेसमोर महाराष्ट्राचाच अनुभव होता. मला आजही हे आठवलं की अभिमान वाटतो.

तेव्हा तुझा प्रश्न आत्ताच ठरव. कोणता, ते तुझं तू ठरवायचं. पण मला विचारशील तर उपसा योजनेच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांचं पाणी घे. आपल्या तालुक्यात निम्मी भांडणं आणि निम्मं स्थलांतर तिथूनच सुरू होतं.

आता प्रश्न कसा विचारायचा ते सांगतो, कारण यात नवे सदस्य फार फसतात. समजा तू तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकलास: ‘अमुक तालुक्यातील टेलच्या गावांना पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तर आजच लिहून देतो: ‘हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे. प्रश्न उद्भवत नाही.’ झालं. तुला छापील कागद मिळाला आणि गावाला काहीच मिळालं नाही. त्याऐवजी विचार, अमुक वितरिकेवर मंजूर क्षेत्र किती? गेल्या तीन उन्हाळी आवर्तनांत, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्यांत, प्रत्येक वेळी प्रत्यक्ष किती हेक्टर भिजलं? पंपगृहातले किती पंप किती दिवस चालू होते? बंद होते ते कशाने, दुरुस्तीअभावी की वीजबिल थकल्यामुळे? थकलं असेल तर कुणाच्या वाट्याचं? अशा प्रश्नाला ‘अंशतः खरे आहे’ म्हणता येत नाही. त्याला आकडे द्यावे लागतात, आणि एकदा आकडे पटलावर आले की ते तुझे झाले.

हे प्रश्न कार्यालयात बसून सुचत नाहीत. आवर्तन चालू असताना कालव्याने चालत जा. सोबत शाखा अभियंता असू दे, टेलचे दोन शेतकरी असू देत, आणि कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी तर हवाच. कुठली दारं रात्री उघडतात, कुठे कुणाचं सायफन टाकलेलं आहे, हे त्याला जेवढं ठाऊक असतं तेवढं मुंबईतल्या कुणालाच नसतं. त्याचं नाव मात्र कुठे येऊ देऊ नकोस. त्याची नोकरी जाईल.

उपप्रश्नाला उभी राहिलीस की मंत्र्यांच्या क्रियापदाकडे कान ठेव. ‘माहिती घेऊ’, ‘तपासून पाहू’, ‘सकारात्मक विचार करू’ यांच्या ओघात ऐकणाऱ्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं, पण पदरात काही पडत नाही. ‘येत्या तीन महिन्यांत दुरुस्ती पूर्ण करू’ हे मात्र आश्वासन. ते आश्वासन समितीच्या यादीत जातं आणि खात्याला त्याची पूर्तता कळवावीच लागते. म्हणून खाली बसायची घाई करू नकोस. नम्रपणे, आवाज न चढवता, तारीख माग. मंत्री चांगला असेल तर देतो. दिली नाही तर अर्धा तास चर्चेची सूचना दे, पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी सूचना लाव, अर्थसंकल्पात त्या खात्याच्या खर्चाच्या मागण्या आल्या की कपात सूचना, म्हणजे ती रक्कम कमी करायची सूचना, दे. मागण्यांच्या वेळी बाकावर हजर राहा. वेळ संपला की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय मताला टाकल्या जातात, आणि हजारो कोटी मिनिटांत मंजूर होतात. ते पाहताना माझ्या पोटात दर वर्षी कालवायचं.

समित्यांचं वाटप होताना आश्वासन समिती किंवा सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी लोकलेखा समिती मागून घे. तिथे कॅमेरा नसतो, म्हणून पुष्कळ जण फिरकत नाहीत. पण समोर खात्याचे सचिव फाईल घेऊन बसलेले असतात आणि त्यांना उत्तर द्यावंच लागतं. अभ्यास करून येणाऱ्या सदस्याला अधिकारी दोन बैठकींत ओळखतात.

सभागृहातला कागद एकटा काही करत नाही, हेही सांगायला हवं. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधान परिषदेत ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. दोन-दोन ठराव झाले, तरी तळ्याच्या पायऱ्या उतरायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, तेव्हा त्या ठरावांत जीव आला. पण हेही पाहा, की त्या माणसांच्या पाठीशी बोल्यांचा ठराव होता. आपण मागतोय ते मंजूर झालेलं आहे, एवढं त्यांना ठामपणे म्हणता आलं.

दोन्ही बाजू एकाच माणसाने सांभाळल्याचं पाहायचं असेल तर सांगोल्याकडे बघ. गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण ११ वेळा आमदार झाले, शेवटी २०१४ मध्ये. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष, मतदारसंघ एकच. १९७२ मध्ये पडले, १९९५ मध्ये तर अवघ्या १९२ मतांनी पडले, आणि दोन्ही वेळा परत निवडून आले. दोनदा मंत्री झाले, पण बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर. प्रश्न पाण्याचा. सभागृहात तोच, आणि बाहेर आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून भरवलेल्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेतही तोच. कृष्णेचं पाणी खोऱ्यातल्या सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, ही मागणी टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या कालव्यांतून पाणी वाहू लागण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं करत होती. गणपतरावांच्या भाषणात टाळ्या घेणारी वाक्यं क्वचित असत. खातं, अर्थसंकल्पातलं शीर्ष, रक्कम, तारीख. लिहून घ्यायला त्यांच्याइतकं सोपं कुणाचंच भाषण नसायचं.

अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या, विधेयकाबद्दल तू विचारलं होतंस. ती मंजूर होत नाहीत म्हणून लोक त्यांच्या वाटेला जात नाहीत. आमदार मृणालताई गोरे मात्र त्या वाटेला गेल्या. १९८६ मध्ये त्यांनी गर्भलिंगनिदानावर बंदी घालण्याचं अशासकीय विधेयक आणलं. मुंबईतल्या बायकांच्या संघटना आणि काही डॉक्टर बाहेरून रान उठवत होते. विधेयक मंजूर झालं नाही, पण १९८८ मध्ये सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. देशात असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, आणि १९९४ मध्ये तो देशभर झाला. तुझं विधेयक असंच सरकारने उचललं, तर श्रेय मंत्र्याला खुशाल घेऊ दे.

पक्षादेश, म्हणजे व्हिप, मताला लागू असतो, प्रश्न विचारायला नाही. सत्ताधारी बाकावर बसूनही पाण्याचा प्रश्न विचारता येतो. भाषा सौम्य ठेव आणि आकडे पक्के ठेव. पक्षातलं कुणी नाराज झालंच तर त्याला कालव्यावर घेऊन जा.

मुंबईला पोचलीस की पहिल्या दोन दिवसांत विधानमंडळाच्या ग्रंथालयात जा. कामकाजाचे जुने खंड काढून दे म्हणावं, आणि आपल्या तालुक्याच्या आधीच्या आमदारांनी पाण्यावर काय काय विचारलं ते वहीत उतरवून घे. त्यांतले एक जण तुझ्याच विरोधात लढले होते, हे ठाऊक आहे मला. तरी त्यांनी विचारलेलं सोडू नकोस. त्यांना मिळालेली आणि अजून पुरी न झालेली दोन आश्वासनं माझ्या आठवणीत आहेत, तीही उन्हाळी आवर्तनाबद्दलचीच. तारखा खंडांत सापडतील. तुझा पहिला प्रश्न तिथूनच सुरू होऊ दे. मसुदा झाला की सूचना देण्याआधी मला पाठव, मी त्याच दिवशी वाचून कळवतो.

तुझा,
काका