गोळी घेतली तर अर्पण कमी होतं का?

प्रश्न : आम्ही मिरजेत राहतो. सासूबाईंना गुडघ्यांचा संधिवात आहे. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, चाळीस दिवस त्या दुखण्याची गोळी घेत नाहीत. ‘प्रभूने वधस्तंभावर गुंगीचा द्राक्षारस नाकारला, मग मी गोळी कशी घेऊ?’ म्हणतात आणि रात्रभर कण्हतात. मिस्टर म्हणतात, आईच्या श्रद्धेत पडू नकोस. काय करू?

उत्तर : सूनबाई, सासूबाईंनी वचन बरोबर काढलंय, मार्कचं शुभवर्तमान १५:२३. पण प्रभूने तो का नाकारला, हे तिथे लिहिलेलं नाही. मला वाटतं, त्याला शुद्धीवर राहायचं होतं. आईला योहानाच्या हाती सोपवायचं होतं, शेजारच्या चोराशी बोलायचं होतं. सगळं झाल्यावर ‘मला तहान लागली आहे’ म्हणाला आणि आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, घेतली (योहान १९). अटकेआधी गेथशेमाने बागेत तर ‘हा प्याला टळो’ अशी विनवणी केली. दुखण्याची हौस असलेला माणूस असं मागत नाही. आणि सासूबाईंच्या गोळीने काही शुद्ध हरपत नाही!

बायबलमधलं लेवीय हे पुस्तक उघडून बघा. अर्पणाचा पशू निर्दोष हवा, रक्त वेदीवर जावं, कारण रक्तात जीव असतो (१७:११). पशू जितका तडफडेल तितकं अर्पण मोठं, असं कुठेही नाही. अर्पण जिवाचं असतं, यातनांचं नव्हे. प्रेषित पौल तर म्हणतो, शरीर जाळायला दिलं आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही (१ करिंथ १३:३). गुड फ्रायडेला बारा ते तीन आमचे काही वक्ते खिळे नि चाबकाचे फटके इतके रंगवतात की बायकांचे पदर भिजतात. मार्क मात्र खिळण्याचं एका वाक्यात उरकतो. मला मार्कच बरा वाटतो.

सासूबाईंची थट्टा मात्र करू नका. जे दुखणं औषधानेही जात नाही, ते प्रभूच्या दुःखाशी जोडून सोसणं ही ख्रिस्ती मंडळीतली जुनी आणि खरी गोष्ट आहे. पौलानेही आपल्या देहातला काटा, म्हणजे सततचं दुखणं, निघावा म्हणून आधी तीनदा विनंती केली, मग सोसला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली दुःखाच्या अर्थावर पत्र लिहिलं. त्यात प्रभूच्या दाखल्यातल्या, वाटेवरच्या जखमी परक्याच्या जखमा बांधणाऱ्या चांगल्या शोमरोन्यालाही एक अख्खं प्रकरण दिलंय. तुमच्या मिरजेतही वधस्तंभाची वार्ता सांगणाऱ्या मिशनच्याच डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल काढलं.

त्यांच्याशी वाद घालत बसू नका. उपास करायचाच असेल तर चहा सोडा म्हणावं. उपाशीपोटी गोळी नको, तेव्हा वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि श्रद्धेत पडू नकोस म्हणणाऱ्या मिस्टरांना आज रात्री आईचे गुडघे शेकायला बसवा.