बाळ आंघोळीत हातातून निसटलं, नाकातोंडात पाणी गेलं. आता ठीक आहे, पण माझी भीती जात नाही. काय करू?

ठसका लागून बाळ लगेच रडलं आणि नंतर नेहमीसारखं दूध प्यायलं, तर बहुधा काळजीचं कारण नाही. तरी पहिले 24 तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नसेल, श्वास जोरजोरात चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसले किंवा बाळ मलूल पडलं, तर थेट दवाखाना गाठा, नाहीतर 108 लावा.

भीतीपायी आंघोळ मात्र टाळू नका. कुणाला तरी सोबत घ्या, टॉवेल-कपडे आधीच हाताशी ठेवा. फोन वाजला तर वाजू दे. दोन आठवड्यांनीही झोप उडालेली असेल, तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबरही आहे.